टॅली लागत नाही तेव्हा

ताई, सहकारी बँकेच्या शाखेत तुम्ही अधिकारी. शिबिरात ध्यान शिकलात, तीन आठवडे राग गिळलात आणि परवा रोकड 2,700 रुपयांनी कमी भरली तेव्हा नव्या कॅशियरला खातेदारांदेखत झापलंत. आता विचारता, ‘ध्यान मला जमणारच नाही का?’

राग गिळणं म्हणजे ध्यान नव्हे. चेहरा शांत ठेवला तरी आतली धडधड चालूच राहते, कधी वाढतेसुद्धा. राग आलाय हे वेळीच कळणं, इतकंच सजगतेचं काम. त्यासाठी स्वतःची खूण शोधा: जबडा आवळतो, कान तापतात, पेन जोरात दाबलं जातं. खूण दिसली की भावनेला मनात नेमकं नाव द्या. नुसतं ‘चिडले’ पुरत नाही. ‘ऑडिटात मलाच विचारतील अशी भीती वाटतेय’ हे बहुधा जास्त खरं असतं. मग 4 मोजेपर्यंत श्वास आत, 6 मोजेपर्यंत बाहेर, असे सहा. मिनिटभराचं काम. भर सोडण्यावर, कारण श्वास सोडताना हृदयाचा वेग जरा उतरतो. भराभर खोल श्वास घेतलेत तर चक्कर येईल. आणि डोळे मिटू नका, समोर रोकड आहे!

आता हिशेब. 2,700 ला 9 ने पूर्ण भाग जातो. शेजारचे दोन आकडे उलटे लिहिले गेले की फरक 9 च्या पटीतच येतो, म्हणून आधी आकडे उलटे पडलेत का ते बघायचं. 1,400 चा भरणा 4,100 असा नोंदला गेला असेल. एकाने व्हाउचर वाचायचं, दुसऱ्याने टिक करायची. घाबरलेल्या माणसाचं मोजण्यात लक्ष लागत नाही, त्यामुळे ओरडून चूक सापडायला उशीरच होतो.

ओरडलात काउंटरवर, तर माफीही तिथेच मागा, केबिनमध्ये बोलावून नको. ‘परवा सगळ्यांसमोर आवाज चढवला, चूक माझी.’ पुढे ‘पण’ आला की माफी गेली. त्याच्या चुकीबद्दल वेगळ्या दिवशी, एकट्याशी बोला: काय घडलं, त्याने काय अडलं, उद्यापासून काय करायचं. ‘तू धांदरटच’ हे त्यात नको. दया येऊन स्वतःच्या पर्समधून पैसेही भरू नका. तूट नियमाप्रमाणे नोंदवायचीच.

श्वासाची सवय मात्र रोज कॅश बंद करण्याआधी, डोकं थंड असतानाच करा. भडकल्यावर पहिल्यांदा करायला जाल तर आठवणारही नाही.