मेळाव्याला पालकच आले नाहीत तर?

सांगलीतल्या एका शाळेच्या पालक-शिक्षक संघातली आई समुपदेशनाला आली ती झोप उडाली म्हणून. (ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.) पाचवीच्या दोन तुकड्यांचा पालक मेळावा तीन आठवड्यांवर आला होता. ‘यंदा काहीतरी हटके करा’ म्हणून बाकीचे मोकळे झाले होते. गेल्या वर्षी फुगे, सेल्फी पॉइंट, पाहुण्यांचं भाषण सगळं होतं, पण निम्म्या खुर्च्या रिकाम्या. “मी नाही केलं तर कोण करणार? आणि केलं नि कुणी आलंच नाही तर?”

दुसरा प्रश्न आधी घेतला. पालक न येण्याची कारणं साधी असतात. सकाळी अकराची वेळ ठेवली की हातावर पोट असणाऱ्याचा रोज बुडतो. धाकट्याला कुठे ठेवायचं हा प्रश्न असतो. वर्गणी मागतील ही धास्ती असते. शिवाय नुसतं बसून ऐकायला आपण कशाला हवेत, असंही वाटतं. रिकाम्या खुर्च्यांत ही बाई मात्र स्वतःचं अपयश मोजत होती.

तिला काम दिलं ते पाच फोनचं. गेल्या वेळी न आलेल्यांना ‘का आला नाहीत?’ विचारायचं नाही, त्याने माणूस सबबी सांगू लागतो. विचारायचं एवढंच : “मुलांना तुमच्या कामातलं काय दाखवाल?”

त्यातूनच मेळाव्याचा आराखडा निघाला : पालकांनी टेबलांवर आपापलं काम मुलांना दाखवायचं. मुलं ९०, म्हणून टेबलं ९, प्रत्येकी १० मुलं. १२ मिनिटं काम, ३ मिनिटं जागा बदलायला. अशा ४ फेऱ्या, म्हणजे एक तास. सायकलचं पंक्चर काढणं, बटण लावणं, चेक भरणं आणि अर्थात हळद. नीट वाळलेलं हळकुंड मोडलं की टणत्कार होतो, हे मार्केट यार्डात काम करणाऱ्या एका बाबांनी दाखवायचं ठरलं. माइक नको, नऊ टेबलांच्या गलक्यात तो गोंधळच वाढवतो. फेरी बदलायला शाळेची घंटा पुरते. वेळ रविवारी संध्याकाळी पाच, आणि निरोपात दोन गोष्टी ठळक : ‘साडेसहाला सुटेल’, ‘वर्गणी नाही’. संपण्याची वेळ लिहायची राहून जाते, आणि नेमकी तीच पालकांना हवी असते. लहान भावंडांसाठी बालवाडीचा वर्ग उघडा ठेवायचा. भडंग माणशी ४० ग्रॅम, १५० जणांना ६ किलो. पुड्या आधीच बांधायच्या, नाहीतर रांगेतच पंधरा मिनिटं जातात. चहा फक्त मोठ्यांना, ६० कपांसाठी ७ लिटर.

मग पहिला प्रश्न. सगळी कामं कागदावर उतरवून तीन रकाने पाडले : मीच करायला हवं, दुसऱ्याने केलं तरी चालेल, नाही झालं तरी चालेल. २३ कामांपैकी पहिल्या रकान्यात उरली चार. रांगोळी तिसऱ्यात टाकताना तिचा हात बराच वेळ अडला. खरं समुपदेशन तिथे झालं म्हणायला हरकत नाही. दिलेलं काम पुन्हा तपासायचं ते एकदाच, दोन दिवस आधी. रोज फोन करून विचारलं की समोरचा ते काम अलगद आपल्याकडेच परत ढकलतो.

मेळाव्यात एक घोटाळा झालाच. हळदीचं टेबल शिवणकामाच्या शेजारी आलं, आणि पिवळे हात पांढऱ्या कापडावर उमटले. ती धुवायला धावली नाही, चहा घेत बसली. डाग काही निघाला नाही. पुढच्या वेळी ते टेबल नळाजवळ ठेवायचं ठरलंय.