व्हिडिओ पंच बोलतात काय?

प्रश्न : क्रिकेटमध्ये तिसऱ्या पंचाचे बोलणे आपल्याला थेट ऐकू येते. फुटबॉलचा पंच मात्र कानाला हात लावून नुसताच उभा राहतो. ही लपवाछपवी कशासाठी?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : फुटबॉलचे नियम ठरवणारे मंडळ मैदानावरचा पंच आणि पडद्यावर चित्रफीत तपासणारा व्हिडिओ पंच यांच्यातला संवाद सामना चालू असताना प्रक्षेपित करू देत नाही. तो ऐकण्याची गरज का आहे, हे ३० सप्टेंबर २०२३ च्या टॉटनहॅम-लिव्हरपूल या इंग्लंडमधल्या संघांच्या सामन्याने दाखवले. लिव्हरपूलच्या लुइस दियाझचा गोल मैदानावर ऑफसाइड ठरवून नाकारला गेला होता. व्हिडिओ पंचाला तो वैध दिसला, परंतु मैदानावर गोल दिलेलाच आहे अशा समजुतीने त्याने ‘तपासणी पूर्ण’ एवढेच कळवले आणि खेळ पुन्हा सुरू झाला. काही सेकंदांतच चूक उमगली, पण सुरू झालेला खेळ मागे नेता येत नाही या नियमापुढे कोणाचेच काही चालले नाही. लिव्हरपूल २-१ असे हरले. तीन दिवसांनी पंचांच्या संस्थेने ध्वनिफीत जाहीर केली, आणि माझ्या कानांना तरी तीत कारस्थान नव्हे, निव्वळ घाई ऐकू आली.

२०२३ च्या महिला विश्वचषकात पंचांनी तपासणीनंतरचा निर्णय ध्वनिक्षेपकावरून प्रेक्षकांना सांगितला. इंग्लंडमध्ये ही पद्धत जानेवारी २०२५ मध्ये लीग कपच्या उपांत्य सामन्यात प्रथम वापरली गेली. योगायोग असा, की तेव्हाही मैदानात हेच दोन संघ होते. अर्थात, कळतो तो निर्णय. त्यामागची चर्चा अजूनही बंद दाराआडच होते.