‘अदाह्य’ आणि ‘अग्निरोधक’

अग्निशमनाची प्रशिक्षण-पुस्तिका मराठीत आणताना ‘नॉनकम्बस्टिबल’ (न पेटणाऱ्या साहित्याचं) आणि ‘फायर रेझिस्टिव्ह’ (आगीत ठरावीक वेळ टिकणारं) या दोन्ही बांधकामांना ‘अग्निरोधक’ म्हटलं तर चालेल का, असा प्रश्न आहे. माझ्या मते अजिबात नाही, आणि हा नुसता शब्दांचा कीस नव्हे.

अमेरिकेत बांधकामाचे पाच प्रकार धरतात. त्यांत पहिला फायर रेझिस्टिव्ह, दुसरा नॉनकम्बस्टिबल. उघड्या पोलादी कैच्यांवर (छपराचा भार पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांवर) पत्रा टाकलेली गोदामं सहसा दुसऱ्यात मोडतात. पोलाद पेटत नाही, म्हणून ते अदाह्य: ‘दह्’ धातूवरून दाह्य, म्हणजे जळण्याजोगं, आणि त्यापुढे नकाराचा ‘अ’. पण हा झाला पदार्थाचा गुण. आगीत उभं राहणं वेगळं. 600 अंश सेल्सिअसच्या आसपास पोलादाची ताकद निम्म्यावर येते, आणि प्रमाणित चाचणीच्या भट्टीत दहा मिनिटांच्या आतच तापमान तिथवर चढतं. पातळ, उघडी कैची मागोमाग तापते, वाकते आणि छप्पर घेऊन खाली येते.

आता जाडजूड लाकडी तुळई घ्या. ती नखशिखांत दाह्य. तरी ती मिनिटाला साधारण 0.7 मिमी एवढीच कोळसते आणि तो कोळशाचा थरच आतलं लाकूड राखतो. अर्ध्या तासाने प्रत्येक बाजूचे दोनेक सेंटिमीटर गेलेले असतात, गाभा भार पेलत असतो. (लाकडाच्या पातळ पट्ट्या दातेरी पत्र्यांनी जोडून केलेल्या कैचीकडून मात्र ही अपेक्षा नको, ते दाते जेमतेम सेंटिमीटरभर आत रुतलेले असतात.)

‘रोधक’ आला ‘रुध्’वरून: अडवणं, थोपवणं. संस्कृतात नदीच्या काठाला ‘रोधस्’ म्हणतात. काठ पाणी अडवतो, पण अमुक पातळीपर्यंतच. अग्निरोधकाचंही तसंच, फक्त इथे माप वेळेचं. दार एक तासाचं, भिंत दोन तासांची. तेवढा वेळ भिंतीने भार पेलायचा, ज्वाळा पलीकडे जाऊ द्यायच्या नाहीत आणि पलीकडच्या बाजूचं तापमान सरासरी 140 अंशांहून जास्त वाढू द्यायचं नाही. ‘अग्निरोधक म्हणजे कधीच न जळणारं’ हा अर्थ आपण उगीच चिकटवला आहे.

‘नॉनकम्बस्टिबल’साठी ‘अज्वलनशील’ही मला नको वाटतो. ‘ज्वलनशील’ म्हटलं की डोळ्यांसमोर पेट्रोलचा टँकर येतो. लाकडी फळीला तसं कुणी म्हणत नाही, पण दाह्य तीही आहेच. ‘अग्निप्रतिबंधक’ हा तर आग लागूच नये म्हणून केलेल्या उपायांचा शब्द, तो भिंतीला लावू नये.

तेव्हा दुसऱ्या प्रकाराला ‘अदाह्य’, पहिल्याला ‘अग्निरोधक’, आणि दोन्हींपुढे तास लिहा. उघड्या पोलादी छपरासाठी ‘अदाह्य, अग्निरोध 0 तास’ असं लिहावं लागेल. वाचायला विचित्र वाटेल, पण त्या छपरावर चढणाऱ्या जवानाच्या कामाचा आहे तो शून्यच.