निर्वासितांच्या सेवेत पहिल्यांदा येताय?

दिल्लीच्या विकासपुरीतल्या चिन (म्यानमारमधला एक समाज) कुटुंबांसाठी काही करावंसं तुम्हाला वाटलं, याचा फार आनंद झाला. नक्की या.

म्यानमारहून आलेले हे लोक बहुतेक ख्रिस्तीच आहेत, दिल्लीत त्यांच्या स्वतःच्या मंडळ्या (चर्च) आहेत. आधी त्यांच्या उपासनेला जाऊन शांतपणे मागे बसा. काय हवंय ते त्यांचे पाळकच सांगतील. जुन्या कपड्यांची गाठोडी नेऊ नका. दवाखान्यात हिंदी बोलणारं सोबत कुणी असणं, मुलांचा अभ्यास, घरमालकाशी बोलणी, अडतं ते इथे.

सुरुवातीला हे टाळा:

- "तिकडे काय झालं?" असं खोदून विचारणं.
- फोटो टाकणं. मागे राहिलेल्या नातेवाइकांना त्यामुळे धोका होऊ शकतो.
- परदेशात पाठवण्याचा शब्द देणं. तो निर्णय आपल्या हातात नाही. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सहीही केलेली नाही.

पुढे रोहिंग्या किंवा अफगाण घरांत गेलात, तर मदतीला प्रार्थनेची अट कधीच जोडू नका. बायबलच्या मत्तय २५ मध्ये प्रभू येशू स्वतः परक्याच्या जागी उभा राहतो; त्या परक्याचा धर्म तिथे कुणी विचारत नाही. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच.

कागदपत्रांचं काम सध्या जुन्या स्वयंसेवकांकडे राहू द्या. तुम्ही दर आठवड्याला ठरलेल्या वेळी येत जा.