पेट्रोलच्या करातले साडेतीन पैसे

प्रश्न : मी स्कूटरवरून जेवणाचे डबे पोचवते. महिन्याला ३० लिटर पेट्रोल लागतं. आमच्या सोसायटीत रोज वाद. एक काका म्हणतात, पेट्रोलवरचा सगळा कर दिल्लीला जातो. दुसरे म्हणतात, केंद्राच्या करातले ४१ टक्के राज्यांनाच परत मिळतात. सर, खरं कोणाचं?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : ताई, दोघेही अर्धे अर्धे बरोबर आहेत, म्हणून तर वाद मिटत नाही. माझी सगळी नोकरी माझगावच्या विक्रीकर भवनात गेली. त्यामुळे पंपावर उभा राहिलो की डोक्यात आपोआप कराची फोड सुरू होते. (पावतीवर ती नसते. लिटर, दर, रक्कम आणि धन्यवाद!)

एप्रिल २०२५च्या वाढीनंतरचं एक लिटर घेऊ. तेव्हा केंद्राचं शुल्क होतं २१ रुपये ९० पैसे. त्यात मूळ उत्पादन शुल्क फक्त १.४०. बाकी विशेष अतिरिक्त शुल्क (हा अधिभार, म्हणजे करावर चढवलेला जादा कर) १३, रस्त्यांचा उपकर (ठरावीक कामासाठीचा कर) ५ आणि शेतीचा २.५०. तुमच्या काकांचे ४१ टक्के लागू होतात ते त्या १.४०ला. घटनेच्या २७०व्या कलमानुसार उपकर-अधिभार वाटणीत धरतच नाहीत. म्हणजे सगळ्या राज्यांत मिळून ५७ पैसे. पंधराव्या वित्त आयोगानं (केंद्राचा कर राज्यांत कसा वाटायचा ते हा आयोग सुचवतो) त्यात महाराष्ट्राला ६.३१७ टक्के दिले, म्हणजे साधारण साडेतीन पैसे. त्या हिशेबानं तुमच्या ३० लिटरवर केंद्र घ्यायचं ६५७ रुपये, त्यातून वाटणीनं आपल्या राज्याकडे यायचा एक रुपया नऊ पैसे.

२०१५मध्ये चौदाव्या आयोगानं राज्यांचा वाटा ३२वरून ४२ टक्के केला (जम्मू-काश्मीर केंद्रशासित झाल्यावर ४१), तेव्हा आमच्या कँटीनमध्ये पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. पण वाटणीच्या परातीत मुळात किती वाढून ठेवायचं हे कोण ठरवतं, ते कोणी विचारलं नाही.

पण राज्य म्हणजे बिचारं, असंही समजू नका. जुलै २०२४पासून मुंबई-ठाणे-नवी मुंबईत पेट्रोलवर राज्याचा व्हॅट (म्हणजे विक्रीवरचा कर) २५ टक्के, वर लिटरमागे ५.१२ रुपये. आणि हे २५ टक्के केंद्राचं शुल्क धरून होणाऱ्या किमतीवर! त्या २१.९०वरच राज्याला जवळजवळ साडेपाच रुपये सुटायचे. केंद्राच्या शुल्कामुळे पंपावरचा दर चढला, की शिव्या दिल्लीला आणि गल्ला मंत्रालयात.

मग पेट्रोल जीएसटीत का नाही? १ जुलै २०१७ला आमचे बहुतेक कर जीएसटीत विरघळले, मुलुंड-दहिसरचे जकात नाकेही त्याच दिवशी सुटले. आता दर सुचवते जीएसटी परिषद, म्हणजे केंद्र आणि राज्यांच्या मंत्र्यांची समिती. तिथे केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात, म्हणजे केंद्राला नको ते होणं नाही. राज्यांच्या हातात पेट्रोल, दारू, मुद्रांक शुल्क असे मोजकेच नळ उरलेत. सप्टेंबर २०२१मध्ये लखनौच्या बैठकीत पेट्रोलचा विषय निघाला, तेव्हा राज्यांनीच नको म्हटलं. माझगावच्या माझ्या जुन्या टेबलावरून मीही नकोच लिहिलं असतं.