एकाच चिपवर दोन कंपन्यांची नावे

प्रश्न : जुन्या बाजारात मिळालेल्या चाळीस पायांच्या प्रोसेसरवर ‘एएमडी’, ‘डी८०८६’, ‘८४३२’ आणि खाली ‘इंटेल १९७८’ असे छापलेले आहे. हा बनावट समजावा काय?

उत्तर : केवळ दोन नावे दिसतात म्हणून तसे समजू नये. इंटेलचे प्रोसेसर आपल्या संगणकांत वापरणाऱ्या आयबीएम कंपनीला एकाच पुरवठादारावर विसंबून राहायचे नव्हते. त्यामुळे इंटेलने १९८२ मध्ये एएमडीशी करार केला आणि इंटेलचा ८०८६ प्रोसेसर एएमडीच्या कारखान्यातही बनू लागला. १९७८ हे रचनेच्या स्वामित्वहक्काचे वर्ष आहे, उत्पादनाचे नव्हे. उत्पादनकाळ ‘८४३२’ सांगतो, म्हणजे १९८४ चा बत्तिसावा आठवडा. विक्रेते नेमके १९७८ हेच वर्ष दाखवून किंमत चढवतात, तेव्हा तिकडे दुर्लक्ष करावे. आरंभीचे ‘डी’ हे अक्षर सिरॅमिक आवरणाचे असून ‘पी’ असते तर आवरण प्लॅस्टिकचे असते.

बनावटीचा संशय प्लॅस्टिकच्या चिपांबाबत अधिक बाळगावा, कारण त्यांचा पृष्ठभाग घासून, वर काळा थर देऊन नवे क्रमांक छापले जातात. ॲसिटोनचा बोळा कोपऱ्यावर फिरवल्यास असा थर बहुधा निघतो; मात्र तो मूळ छपाईवर फिरवू नये, कारण खरी शाईही पुसली जाऊ शकते.