सिडनीहून जुलैमध्ये बर्फ बघायला जायचंय. बर्फ असेल की नाही हे आधी कसं ओळखायचं आणि बुकिंग कधी करायचं?

तुम्ही लिहिलंय की सिडनीत येऊन चारच महिने झालेत, सात वर्षांची मुलगी आहे, आईवडील भारतातून येणार आहेत, स्कीइंग कोणालाच येत नाही आणि थ्रेडबो की पेरिशर (ही दोन स्की रिसॉर्ट) हेही ठरत नाहीये. आमचं घर आठ वर्षांपूर्वी अगदी याच ठिकाणी अडलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी, जूनच्या लाँग वीकेंडला जाऊ नका. जूनच्या दुसऱ्या सोमवारी राजाच्या वाढदिवसाची सुट्टी असते आणि त्या वीकेंडला स्की सीझन 'सुरू' होतो. सुरू होतो तो कॅलेंडरवर. बर्फाला कोणी कळवलेलं नसतं. आम्ही पैसे परत न मिळणारं दोन रात्रींचं बुकिंग करून गेलो. डोंगरभर पिवळं गवत आणि मधोमध मशीनने केलेल्या बर्फाचा एक पांढरा पट्टा, जणू कोणी धोतर वाळत घातलंय. त्यावर सगळी गर्दी. सासूबाई गाडीतून उतरल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "एवढ्यासाठी सहा तास?" हे वाक्य आमच्या घरात अजून वापरात आहे.

आता 'यंदा बर्फ चांगला आहे' हे लोक कशावरून म्हणतात, ते सांगते. पेरिशर आणि शार्लट पासच्या मध्ये स्पेन्सर्स क्रीक नावाची जागा आहे, साधारण १८३० मीटर उंचीवर. तिथे स्नोई हायड्रोची माणसं १९५४ पासून बर्फाची खोली मोजत आली आहेत, सीझनमध्ये साधारण दर आठवड्याला. हा वीजकंपनीचा उद्योग का, असं मलाही आधी वाटलं होतं. पण हा बर्फ वसंतात वितळून त्यांच्याच धरणांत उतरतो. आपण नाही का पावसाळ्यात सकाळी उठून खडकवासल्यात किती टीएमसी आणि कोयना किती टक्के बघत, तोच हा प्रकार, फक्त पाणी घट्ट झालेलं. १९८१ मध्ये इथे ३६१ सेंटिमीटर बर्फ होता. २००६ मध्ये सगळ्यात भरलेल्या दिवशीसुद्धा जेमतेम ८५. त्यामुळे 'जुलैत बर्फ असतोच' असं छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आलेख बहुतेक वर्षी ऑगस्टच्या उत्तरार्धात किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला शिखरावर जातो. जुलैची शाळेची सुट्टी त्याच्या बरीच आधी येते आणि नेमके तेव्हाच सगळ्यात जास्त पैसे लागतात. मुलीची एखाद्या शुक्रवारची शाळा बुडवायची तयारी असेल तर मी डोळे मिटून ऑगस्ट म्हणेन.

अंदाज वाचताना नवशिक्यांची नजर सेंटिमीटरवर जाते. 'पुढच्या सात दिवसांत ४० सेंटिमीटर' वाचलं की घरात लगेच हातमोजे शोधायला सुरुवात. माझी नजर तापमानावर असते. इथले डोंगर बुटके आहेत. कोशियस्को, म्हणजे ऑस्ट्रेलियातलं सर्वात उंच शिखर, २२२८ मीटर. त्यामुळे पारा कायम शून्याच्या आसपास घुटमळतो आणि एक-दोन अंशांच्या फरकाने बर्फाऐवजी पाऊस पडतो. अंदाजात 'फ्रीझिंग लेव्हल', म्हणजे ज्या उंचीवर तापमान शून्य होतं ती पातळी, मीटरमध्ये दिलेली असते. बर्फ साधारण त्याच्याही तीनशे मीटर खालपर्यंत पडतो असं धरा. लेव्हल २२०० म्हणजे पेरिशरलाही पाऊस. १५०० म्हणजे बॅगा भरा.

दुसरं, वाऱ्याची दिशा. दक्षिणेच्या समुद्रावरून थंड हवेची फळी येते, तिच्या पुढे वायव्येचा कोमट, दमट वारा धावतो. तो पाऊस आणतो आणि असलेला बर्फही खातो. फळी पुढे सरकली की वारा नैर्ऋत्येचा होतो, तापमान धाडकन पडतं आणि मग खरा बर्फ. हवामान खात्याचं थ्रेडबो टॉप स्टेशन १९५७ मीटरवर आहे, तिथल्या तापमानाचे ताजे आकडे फोनवर दिसतात. जायच्या आदल्या रात्री आम्ही दोघं पांघरुणात तेच बघत बसतो: ०.८, ०.५, ०.६, आणि साडेअकराला उणे ०.३. नवरा तेवढ्यावर झोपतो. मी अजून वाऱ्याचा वेग बघते, कारण वारा सुसाट असला की लोकांना उतारावर नेणाऱ्या वरच्या लिफ्ट बंद ठेवतात आणि भरपूर बर्फ पडूनही तुम्ही खाली कॉफी पीत बसता.

आणि आठवडाभर बर्फ पडला नाही, पण रात्री निरभ्र आणि कडाक्याच्या असल्या, तर नाराज होऊ नका. अशाच रात्री बर्फाची यंत्रं नीट चालतात. हवा कोरडी असेल तर पारा शून्याच्या फार खाली नसला तरी त्यांचं भागतं. शिकणाऱ्यांच्या उतारावर बर्फ टिकतो तो मुख्यतः त्यांच्याच जिवावर.

थ्रेडबो की पेरिशर? थ्रेडबो गाव देखणं आहे, लांब उतार आहेत, पण गाव १३६५ मीटरवर आणि नवख्यांचा फ्रायडे फ्लॅट उतारही तिथेच खाली. तापमान काठावर असलं की तिथे चिखल असतो. पेरिशरचा पायथाच १७२० मीटरवर, म्हणजे गाडीतून उतरता तिथेच तुम्ही कळसूबाईच्या (१६४६ मीटर) माथ्याच्या वर असता. मुलगी आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर पेरिशर, आणि तेही स्कीट्यूबने. बुलॉक्स फ्लॅटला गाडी लावायची, रेल्वेत बसायचं, बोगद्यातून थेट बर्फात. आईवडिलांना घसरत्या वाहनतळावर चालवायला नको आणि बर्फात घसरू नये म्हणून चाकांना साखळ्या बांधायची कटकटही नाही.

साखळ्यांचं एवढ्यासाठी सांगते की गाडीने वर जाणार असाल तर न्यू साउथ वेल्समध्ये कोशियस्को राष्ट्रीय उद्यानातल्या या घाटरस्त्यांवर, साध्या टू-व्हील ड्राइव्ह गाडीत १ जून ते १० ऑक्टोबर साखळ्या ठेवाव्याच लागतात. व्हिक्टोरियात बुलर किंवा हॉथम या रिसॉर्टला गेलात तर फोर-व्हीलवाल्यांनाही सूट नाही. वाटेवरच्या कूमा किंवा जिंदाबाइन गावात साखळ्या भाड्याने मिळतात, पण दुकानाच्या अंगणातच एकदा बांधून बघा. आम्ही बघितलं नव्हतं. मग रस्त्याकडेला गारठ्यात नवरा चाकापाशी उकिडवा, सासरे टॉर्च धरून, आणि मी फोनवरचा व्हिडिओ थांबवत-थांबवत "आता लाल आकडा आतून घ्या, आतून!" हातमोजे घालून आकडा लागत नाही, काढले तर बोटं लागत नाहीत. चाळीस मिनिटांनी लक्षात आलं की साखळ्या मागच्या चाकांना बांधल्यात आणि आमची गाडी पुढच्या चाकांवर चालते. सासरे काही बोलले नाहीत, फक्त टॉर्च पुढे नेला.

राहायला जिंदाबाइन किंवा कूमा, रद्द करता येणारं बुकिंग, आणि ते आत्ताच. खोली लवकर पक्की करा. रेल्वे, लिफ्ट आणि स्कीइंगची शिकवणी यांचे पैसे मात्र अंदाज समोर आल्यावर, चार-पाच दिवस आधी भरा. आगाऊ घेतलं की थोडं स्वस्त पडतं हे खरं, पण तुमच्यासारख्या एका दिवसाच्या पाहुण्यांसाठी चार पैसे वाचवून पावसात उभं राहण्यात अर्थ नाही. सीझनचा पास सध्या विसरा. डिझेल गाडी असेल तर पर्वतात शिरायच्या आधी आल्पाइन डिझेल भरा, साधं डिझेल थंडीत गोठून घट्ट होतं.

कपड्यांसाठी आल्डी सुपरमार्केट. दरवर्षी साधारण मे महिन्यात बर्फाच्या कपड्यांचा सेल लागतो आणि दुकान उघडायच्या आधी रांगा लागतात. पुण्यात दिवाळीच्या आदल्या दिवशी चितळ्यांकडे असते तशी. तो चुकला तर जॅकेट-पँट भाड्याने घ्या. जीन्समध्ये कोणालाही नेऊ नका, दहा मिनिटांत ओली होते आणि मग मुलगी रडते. आईंना साडी नेसायचीच असेल तर आत थर्मल आणि पायात भाड्याचे बर्फाचे बूट, एवढं ठरवून टाका.

परत निघताना दुपारी साडेतीनची वेळ गाठा. अंधार पडायला लागला की जिंदाबाइन ते कूमा रस्त्यावर कांगारू येतात, वाँबॅटही. त्यांना हॉर्न कळत नाही.